खालच्या काठाचा शेजारी

एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारले होते की, ज्याच्यावर प्रीती करावयाची तो शेजारी नेमका कोण. प्रभूने व्याख्या सांगितली नाही. एक वाट दाखवली. ती वाट यरुशलेमहून यरीहोला, म्हणजे डोंगरावरून सखल भागाकडे उतरणारी होती, आणि तिच्या कडेला एक घायाळ मनुष्य पडला होता. याजक आला आणि बाजूने निघून गेला. लेवी आला, तोही बाजूने निघून गेला. या दाखल्यावर आम्ही धर्मगुरूंनी आजवर असंख्य प्रवचने दिली आहेत. परंतु डोंगरावरून सखलाकडे उतरणारी आणखी एक वाट आपल्या उंबरठ्याजवळून जाते आणि तिच्यावर आम्ही क्वचितच बोललो आहोत. ती वाट पाण्याची आहे. आपल्या मोरीतून, स्वयंपाकघरातून, शौचालयातून निघालेले पाणी त्या वाटेने खाली जाते आणि खालच्या काठावर कोणीतरी राहत असते. तो आपला शेजारी. आपण त्याला ओळखत नाही. आपण त्याच्या दारात रोज काय नेऊन टाकतो हे मात्र त्याला चांगले ठाऊक असते.

मला या लेखात एवढेच म्हणावयाचे आहे की, सांडपाणी ही केवळ नगरपालिकेच्या अभियंत्यांची बाब नाही. ती आपल्या विवेकबुद्धीची बाब आहे. प्रक्रिया न केलेले मैलापाणी नदीत सोडणे हे शेजाऱ्याविरुद्ध केलेले पाप आहे. आणि ते पाप एकट्या कारखानदाराचे किंवा अधिकाऱ्याचे नाही. रविवारी मिस्साला येणाऱ्या, मुलांना धर्मशिक्षणाला पाठवणाऱ्या, सणासुदीला दानधर्म करणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांचेही आहे.

पनवेलचा नकाशा डोळ्यांपुढे आणावा. माथेरानच्या डोंगरकुशीतून गाढी नदी उगम पावते. वर गाढेश्वराच्या परिसरात देहरंग धरणात तिचे पाणी अडवले आहे आणि पनवेल शहराने पिढ्यान्‌पिढ्या ते पाणी प्यायले आहे. पुढे ही नदी शहराला वळसा घालते. काळुंद्रे आणि कासाडी या तिच्या भगिनीही याच प्रदेशातून वाहतात आणि अखेर सर्वांचे पाणी पनवेलच्या खाडीत उतरते. खाडीच्या काठी तिवरांची वने आहेत, आगरी आणि कोळी बांधवांची गावे आहेत, त्यांच्या होड्या आहेत, जाळी आहेत. एकाच नदीच्या वरच्या अंगाला आपण ओंजळ धरतो आणि खालच्या अंगाला आपली घाण सोडतो. माता मानून जिचे दूध प्यावे, तिच्याच पायांवर थुंकावे, असा हा व्यवहार आहे.

हे शहर काही काल जन्मलेले नव्हे. २५ ऑगस्ट १८५२ रोजी येथे नगरपालिका स्थापन झाली. राज्यातील सर्वांत जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते आणि तिचा आम्हां पनवेलकरांना रास्त अभिमान आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली. खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल, तळोजा या सिडकोच्या वसाहती आणि भोवतालची २९ गावे एका छत्राखाली आली. २०११ च्या जनगणनेनुसार या साऱ्या क्षेत्राची लोकसंख्या सुमारे ५ लाख १० हजार होती. त्यानंतर इमारती किती उभ्या राहिल्या, हे कोणीही मान वर करून पाहावे. वसाहतींना मलवाहिन्या मिळाल्या, प्रक्रिया केंद्रेही मिळाली. मात्र त्यांच्या कुशीत राहिलेली बरीच जुनी गावठाणे सेप्टिक टाक्या, शोषखड्डे आणि उघडी गटारे यांच्याच भरवशावर राहिली. ज्यांच्या शेतजमिनींवर नवे शहर वसले, त्यांच्याच दारातले गटार उघडे राहावे, हा योगायोग नाही. ही आपल्या नियोजनाची नीती आहे.

आता थोडे गणित मांडू. शहरातील माणसाला दररोज १३५ लिटर पाणी मिळावे असे शासकीय मानक आहे आणि त्यांपैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन घराबाहेर पडते असे धरले जाते. म्हणजे माणशी १०८ लिटर. पाच माणसांच्या कुटुंबाचे दिवसाला ५४० लिटर. धर्मग्रामात एक हजार कुटुंबे असतील तर आपण प्रभातप्रार्थनेपासून रात्रीच्या रोजरीपर्यंत ५ लाख ४० हजार लिटर सांडपाणी खालच्या शेजाऱ्याकडे रवाना करतो. २०११ ची लोकसंख्या धरली तरी साऱ्या महानगरपालिका क्षेत्राचे हे प्रमाण रोजचे सुमारे साडेपाच कोटी लिटर होते. आज ते त्याहून कितीतरी अधिक असणार. ही एक नदीच आहे. फरक एवढाच की, तिचा उगम डोंगरात नाही, आपल्या न्हाणीघरात आहे.

हे बोलू लागले की पहिले उत्तर ठरलेले असते : 'फादर, खरे पाप कारखान्यांचे आहे. तळोज्याकडे पाहा, कासाडीकडे पाहा.' पाहिलेच पाहिजे. तळोजा औद्योगिक वसाहतीने कासाडीचे काय केले हे जगजाहीर आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये त्या परिसरातील काही भटके कुत्रे निळे झालेले लोकांनी पाहिले. नदीत सोडलेल्या रंगद्रव्याने त्यांची कातडी रंगली होती. ती छायाचित्रे देशोदेशींच्या वृत्तपत्रांत झळकली, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ जागे झाले आणि संबंधित कारखान्यावर बंदीची कारवाई झाली. पुढे २०१८ मध्ये कासाडीचे गाऱ्हाणे राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. या लढ्यामागे वर्षानुवर्षे रिकाम्या जाळ्यांनी घरी परतणारे मच्छीमार होते. मला या प्रकरणात एक गोष्ट फार बोचते. कुत्रे निळे झाले तेव्हा जग हळहळले. परंतु त्याआधी कित्येक वर्षे माणसांच्या जाळ्यांना काळा चिखल लागत होता आणि मासळीला वास येतो म्हणून बाजारात भाव मिळत नव्हता, तेव्हा कोण हळहळले? दुःखालाही दिसण्यासाठी रंग लागतो काय?

तेव्हा कारखानदारांना मी पाठीशी घालीत नाही. परंतु त्यांच्याकडे बोट दाखवून आपले हात झटकणे मला मान्य नाही. कारखान्याचे पाणी विषारी असते हे खरे. घरगुती मैलापाणी त्याच्याहून सौम्य असते हेही खरे. पण त्याचा पूर दिवसरात्र, बारमाही वाहतो आणि त्यासाठी कोणत्याही कारखान्याचा परवाना लागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होते. त्यांपैकी प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती २०,२३५ दशलक्ष लिटरवर. याचा अर्थ, शंभर बादल्यांतील अठ्ठावीस बादल्याच शुद्ध होतात. उरलेल्या बहात्तर नदीनाल्यांत, खाड्यांत आणि जमिनीत जातात. त्याच मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांची नोंद आहे आणि त्यांपैकी ५५, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक, आपल्या महाराष्ट्रात आहेत. संतांची भूमी म्हणून मिरवणाऱ्या राज्याने हा पहिला क्रमांक पटकवावा, याची लाज सर्व धर्मांच्या मराठी माणसांना सारखीच वाटली पाहिजे.

दुसरे उत्तर असे येते की, पावसाळा आला की सारे धुऊन जाते आणि समुद्र तर अथांग आहे. या उत्तरात पाण्याविषयीचे अज्ञान आणि शेजाऱ्याविषयीची बेफिकिरी यांचा सुरेख मिलाफ झाला आहे. माशाला श्वासासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. आपल्या उष्ण प्रदेशात स्वच्छ नदीच्या एका लिटर पाण्यात तो फार तर आठ मिलिग्रॅम मावतो आणि चारच्या खाली गेला की माशांचा जीव गुदमरू लागतो. उलट एक लिटर घरगुती मैलापाणी कुजण्यासाठी सुमारे दोनशे मिलिग्रॅम प्राणवायू मागते. हिशोब सोपा आहे : आपले एक लिटर मैलापाणी नदीच्या पंचवीस लिटर पाण्याचा संपूर्ण श्वास गिळून टाकू शकते. बारमाही मोठी नदी असेल तर ती काही काळ हा मार सोसते. पण कोकणातल्या नद्या आखूड आणि पावसाळी. दिवाळी सरली की गाढीचा प्रवाह रोडावत जातो, वरचे पाणी धरणात अडते आणि नाताळापासून मृग नक्षत्रापर्यंत शहराखालच्या पात्रात नदीचे स्वतःचे पाणी ते किती उरते? त्या दिवसांत मैलापाणी नदीत मिसळते असे म्हणणेसुद्धा चूक आहे. मैलापाणी हीच नदी असते. आणि खाडीचे म्हणाल तर ती सरळ समुद्राकडे जाणारी वाहिनी नव्हे. भरती आली की तेच पाणी माघारी फिरते, तिवरांच्या मुळांशी बसते आणि ओहोटीला काळा गाळ मागे ठेवून जाते. एके काळी ज्या खाडीत जिताडा, बोय, कोळंबी, निवटी आणि चिंबोरी यांवर घरे चालत, तिच्या तोंडी आपण हे वाढून ठेवले आहे. आणि पावसाळा खरोखरच सारे धुऊन नेतो म्हणावे, तर २६ जुलै २००५ रोजी गाढीने आपल्याच घरांत शिरून काय आणून ठेवले होते, ते पनवेलकरांना आठवत असेल. नदी विसरत नाही. ती परत करते.

बरे, हे काम अशक्य आहे काय? मुळीच नाही. मैलापाण्यात हजारात नऊशे नव्याण्णव भाग पाणीच असते. घाण उरलेल्या एका भागात. आधी जाळ्यांतून चिंध्या, प्लास्टिक अडवावे, मग वाळू व खडे बसू द्यावेत आणि नंतर मोठ्या टाक्यांत हवा खेळवावी, म्हणजे देवाने निर्माण केलेले डोळ्यांना न दिसणारे जीव ती घाण खाऊन फस्त करतात. पुढे ते जीव गाळाच्या रूपाने तळाशी बसतात आणि वरचे निवळलेले पाणी जंतुमुक्त करून सोडता येते. ही युक्ती इंग्लंडमधील मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी १९१४ मध्ये जगापुढे मांडली. तिला शंभराहून अधिक वर्षे झाली. नदीला जे काम करावयास लावून आपण तिचा जीव घेतो, तेच काम हे सूक्ष्मजीव भिंतींच्या आत निमूटपणे करतात. त्यांची अट एकच : त्यांना अखंड हवा मिळाली पाहिजे. आणि हवेला वीज लागते, विजेला पैसे लागतात.

येथेच आपले पितळ उघडे पडते. वर दिलेल्या आढाव्यातील एक आकडा मी मुद्दाम राखून ठेवला होता. देशात उभारलेल्या मलप्रक्रिया केंद्रांची क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर आहे. त्यांत शुद्ध होणारे पाणी २०,२३५. म्हणजे अकरा हजारांहून अधिक दशलक्ष लिटरची क्षमता बांधून, उद्घाटने करून, कोनशिला बसवून नुसती पडून आहे. कोठे वाहिन्याच केंद्रापर्यंत पोहोचल्या नाहीत, कोठे यंत्र नादुरुस्त आहे, कोठे विजेचे देयक वाचवले जाते. आणि हे केवळ शासनाचे दुखणे नाही. मोठ्या गृहसंकुलांना पर्यावरण मंजुरीच्या अटीनुसार स्वतःचे प्रक्रिया केंद्र चालवावे लागते. अशाच एका संकुलाच्या सभेत मी पाहुणा म्हणून बसलो होतो. प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी खर्चाचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. त्यानंतर प्रक्रिया केंद्राच्या विजेचा विषय निघाला, तेव्हा हवेचे पंप रात्री बंद ठेवावेत, कोण पाहायला येतो, अशी सूचना आली आणि तीही एकमताने मंजूर झाली. सभेत सज्जन माणसे होती. आपल्याही धर्मग्रामातील काही होती. कोणाच्याही मनात दुष्टावा नव्हता. पण दाखल्यातला याजक तरी कोठे दुष्ट होता? तो केवळ बाजूने निघून गेला.

पकडले गेल्यावर आपण काय करतो? दंड भरतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी नगरपालिकांना मलप्रक्रिया केंद्रे उभारण्यासाठी तीन वर्षांची मुदत घालून दिली होती. ती मुदत केव्हाच सरली. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने घनकचरा व सांडपाणी यांच्या व्यवस्थापनातील अपयशाबद्दल महाराष्ट्र शासनावर सुमारे १२ हजार कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई ठोठावली. रक्कम डोळे दिपवणारी आहे. पण आकड्याने नदी शुद्ध होत नाही. आपण कॅथॉलिकांना ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळावयास हवी. आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात असा एक काळ येऊन गेला की, द्रव्य देऊन पापाचे प्रायश्चित्त चुकवता येते असा समज लोकांत पसरला आणि त्या व्यवहाराने ख्रिस्तसभेला जबर जखम झाली. १५६२ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेला असे द्रव्य गोळा करणाऱ्यांचे पदच रद्द करावे लागले. प्रायश्चित्त संस्काराची शिकवण आपण लहानपणी पाठ केली आहे : पश्चात्ताप हवा, कबुली हवी, पुन्हा तसे न करण्याचा निर्धार हवा आणि झालेल्या हानीची भरपाई हवी. चोरलेली वस्तू खिशात ठेवून पापनिवेदनाला येणाऱ्यास पापमुक्ती मिळत नाही. मग दंडाची पावती फाडून दुसऱ्या दिवशी तोच नळ नदीत सोडणाऱ्याला ती कशी मिळेल? दंड हा प्रदूषणाचा परवाना होऊन बसला, तर तो पापक्षमापत्रांचाच बाजार होय; केवळ दुकानाची पाटी बदलली आहे.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो आपल्याच घरातून येतो. 'फादरांनी आत्म्याचे पाहावे. गटारांचे पाहायला नगरसेवक आहेत.' या सज्जनांनी कृपा करून बायबल उघडावे. अनुवाद ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात इस्राएली लोकांना आज्ञा आहे की, शौचास छावणीबाहेर जावे, सोबत खणण्याचे हत्यार ठेवावे आणि मळ मातीने झाकावा. कारण काय, तर परमेश्वर त्या छावणीतून चालतो. मैल्याची विल्हेवाट ही देवाच्या सान्निध्याशी जोडणारी ही आज्ञा आहे. यहेज्केल संदेष्टा चौतिसाव्या अध्यायात धष्टपुष्ट मेंढरांना खडसावतो. त्यांचा अपराध तहान भागवण्याचा नाही. स्वतः निर्मळ पाणी पिऊन झाल्यावर उरलेले पायांनी गढूळ करण्याचा आहे, आणि ते गढूळ पाणी दुबळ्या मेंढरांना प्यावे लागते. देहरंगचे पाणी पिऊन गाढी नासवणाऱ्या शहराचे याहून अचूक वर्णन मला तरी ठाऊक नाही.

ख्रिस्तसभेची शिकवणही मौन नाही. १ जानेवारी १९९० च्या जागतिक शांतिदिनाच्या संदेशात पोप जॉन पॉल दुसरे यांनी पर्यावरणाचे संकट हे मुळात नैतिक संकट असल्याचे प्रतिपादन केले. १९९७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स कुलगुरू बार्थोलोम्यू यांनी पृथ्वीवरील पाणी, भूमी आणि हवा दूषित करणे हे पाप आहे असे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात त्याचा आवर्जून उल्लेख केला; सुरक्षित पिण्याचे पाणी हा मूलभूत मानवी हक्क असल्याचेही त्यांनी तेथे ठासून मांडले. आणि दूर कशाला जावे? आपल्या वसईत हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी विहिरींचे पाणी उपसून नेणाऱ्या टँकरांविरुद्ध उभे राहिले, तेव्हाही काहींनी हाच आक्षेप घेतला होता. आज त्यांच्या स्मृतीपुढे आपण आदराने मस्तक नमवतो. माणूस गेल्यावर नमणे सोपे असते. तो रस्त्यावर असताना त्याच्या शेजारी उभे राहणे कठीण.

आणखी एक गोष्ट. स्नानसंस्कारासाठी वापरावयाचे पाणी खरे, निर्मळ आणि स्वच्छ असावे, असा आपल्या उपासनाविधीचा दंडक आहे. प्रभू येशूने यार्देन नदीत उतरून साऱ्या पाण्याला पावित्र्य दिले असे आपण मानतो. पण ऐन एप्रिल महिन्यात पुलाखालच्या गाढीतून ओंजळभर पाणी घेऊन तान्ह्या बाळाच्या मस्तकावर ओतण्यास मी धजणार नाही, आणि कोणतीही माता मला ते करू देणार नाही. नदी स्नानसंस्काराला अपात्र ठरवण्याइतकी आपण भ्रष्ट केली असेल, तर तो प्रश्न धर्माचा नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

या पापाची किंमत कोण मोजतो तेही पाहू. पहिला, खाडीवर पोट असलेला मच्छीमार. त्याच्या हातची विद्या निकामी झाली आणि त्याच्या मुलाला कंत्राटी पहारेकऱ्याचा गणवेश चढवावा लागला, तर आपण त्यास प्रगती म्हणतो. दुसरा, आपल्या गटारांत आणि सेप्टिक टाक्यांत उतरणारा माणूस. २०१३ च्या कायद्याने अशा कामास माणूस जुंपणे गुन्हा ठरवले. तरीही विषारी वायूने गुदमरून मरणाऱ्यांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई तीस लाख रुपयांपर्यंत वाढवावी लागली. मैल्याची नीट व्यवस्था नसलेले शहर अखेर एका गरिबाला त्या मैल्यात उतरवते. आणि तो बहुतेक वेळा कोणत्या जातीचा असतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. देवाच्या प्रतिमेत निर्मिलेल्या मनुष्याची ही विटंबना आपल्या टाकीच्या झाकणाखाली चालते.

निराश होण्याचे मात्र कारण नाही. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनच्या पार्लमेंटचे कामकाज करणे असह्य केले, तेव्हा कोठे तेथील राज्यकर्त्यांनी भूमिगत गटारांसाठी पैसा मंजूर केला. १९५७ मध्ये तीच नदी जीवसृष्टीच्या दृष्टीने मृत ठरली आणि प्रक्रिया केंद्रे सुधारल्यावर १९७४ मध्ये तिच्यात पुन्हा सामन मासा सापडला. आपल्याच महाराष्ट्रात नागपूरने भांडेवाडी येथे शुद्ध केलेले रोजचे सुमारे १३० दशलक्ष लिटर मैलापाणी कोराडीच्या वीज केंद्रास पुरवण्याची योजना उभारली. तेवढे स्वच्छ पाणी माणसांसाठी वाचले. जे नागपूरला जमले ते, कारखाने शेजारी असलेल्या पनवेलला का जमू नये?

तेव्हा करावयाचे काय? आधी आपले अंगण. प्रत्येक धर्मग्रामाने आपले चर्च, शाळा, सभागृह आणि धर्मगुरुनिवास यांचे सांडपाणी नेमके कोठे जाते याचा शोध घ्यावा आणि तो सूचनाफलकावर लावावा. सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांनी यंत्राने उपसून घ्यावी. आणि उपसणारा टँकर पुढे कोठे रिकामा होतो हे विचारल्याशिवाय त्याचे पैसे देऊ नयेत, कारण रात्रीच्या अंधारात नाल्यात रिकामा होणारा टँकर आपल्याच पैशाने चालतो. गृहसंकुलाच्या समितीत असलेल्यांनी हवेचे पंप अहोरात्र चालू ठेवण्याचा आग्रह धरावा आणि त्यासाठी महिन्याला चार पैसे अधिक द्यावेत. स्वयंपाकाचे तेल, औषधे, रंग मोरीत ओतू नयेत. आणि गणपतीच्या विसर्जनाकडे बोट दाखवून पर्यावरणाचे धडे देण्याची हौस आपल्यापैकी काहींना असते, ती सोडावी. गोठ्यासाठी वापरलेले थर्मोकोल आणि सणाच्या जेवणावळीतील प्लास्टिकची ताटे आधी मोजावीत. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळाविषयी प्रभूने काय सांगितले ते आपणांस ठाऊक आहे.

त्यानंतर सार्वजनिक मागणी. कोणत्याही पक्षाचा उमेदवार दारात आला की त्याला तीन प्रश्न विचारावेत. आमच्या प्रभागाचे मैलापाणी कोणत्या केंद्रात जाते? त्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तपासणीचे आकडे दरमहा जनतेसमोर का लावले जात नाहीत? आणि गावठाणांना मलवाहिन्या घालण्याआधी नदीकाठाच्या सुशोभीकरणावर पैसा का खर्च व्हावा? सडलेल्या नदीच्या काठावर बाके आणि दिवे बसवणे म्हणजे, प्रभूच्याच शब्दांत सांगायचे तर, कबरीला चुना फासणे होय. या मागणीसाठी हिंदू, मुसलमान, बौद्ध शेजाऱ्यांबरोबर आणि विशेषतः खाडीकाठच्या मच्छीमारांबरोबर एका रांगेत उभे राहावे. पाण्याला धर्म विचारता येत नाही.

१९७४ साली जलप्रदूषणाचा कायदा झाला. त्या साली जन्मलेली मुले आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. कायदा आहे, तंत्र आहे, न्यायालयाचा आदेश आहे, पैसाही आहे. कमतरता आहे ती लाजेची. जे नळीतून गेले ते संपले, असे मानणारा समाज नजरेआड गेलेल्या माणसालाही संपलेला मानू लागतो. दाखल्यातील शोमरोनी मनुष्य धर्मशास्त्रात निपुण नव्हता. त्याने वाटेवरच्या जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पदरचे दोन दीनार मोजले आणि अधिक खर्च झाल्यास तोही भरून देण्याचे वचन दिले. प्रीतीचा पुरावा शेवटी त्या दीनारांत होता. खालच्या काठावरचा आपला शेजारी आपल्याकडे सहानुभूती मागत नाही. तो एवढेच मागतो की, आपण आपल्या घरची घाण आपल्या खर्चाने शुद्ध करावी आणि मगच त्याच्याकडे पाणी सोडावे. ही दया नव्हे, हा साधा न्याय आहे. तो देण्याची आपली तयारी नसेल, तर शेजारप्रीतीवरचे पुढचे प्रवचन देण्याचा अधिकार मला नाही आणि ते ऐकून मान डोलावण्याचा अधिकार आपणांस नाही.